नोंदवहीत उसाचे गोत्रही लिहा



ऊस नोंदीला चिटबॉय बांधावर आला, की आपण जात विचारायच्या आधीच सांगतो, "लिही, ८६०३२." त्या जातीत खोट नाही. टनेज देते, उतारा देते, खोडवाही चांगला येतो. पण सगळ्या शिवाराचा भार एकीवरच टाकावा, हे आम्हांस पटत नाही.

"अहो, आपल्याकडं पाच-सहा जाती आहेत की!" असे कुणी म्हणेल. नुसती नावे मोजून भागत नाही. एडवर्ड सिम्पसन या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९४९ साली विविधता मोजण्याची एक सोपी रीत मांडली. गटातले कोणतेही दोन एकर चिठ्ठ्या टाकून काढा; दोन्हीत एकच जात निघण्याचा संभव किती ते पाहा. शंभर एकरांत ९० एकर एक जात आणि उरलेल्या दहांत दहा जाती असतील, तर तो संभव सुमारे ८१ टक्के येतो. नावे अकरा, पण शिवार एकाच जातीचे! उलट चारच जाती २५-२५ एकर असतील तर तो २५ टक्क्यांवर उतरतो.

दुसरी गोष्ट नात्याची. को ८६०३२ चा बाप को-सी ६७१, आणि त्याचा बाप को ७७५. उत्तर प्रदेशात ज्या को ०२३८ ने शेतकऱ्यांना भरभरून दिले आणि जिला पुढे लाल कुजीने ग्रासले, तिचाही बाप हाच को ७७५. को-सी ६७१ सुद्धा तमिळनाडू-गुजरातेत लाल कुजीपुढे मागे हटली. नाते आहे म्हणून रोग येणारच असे मुळीच नाही. आम्ही कुणाला भिववीत नाही. पण सोयरीक जुळवताना सात पिढ्या पाहणारे आपण, बेणे घेताना एकही पाहत नाही!

पूर्वीचा पुंड्या ऊस जाड, रसाळ, पण नाजूक. कोइमतूरच्या केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी तसल्याच जाड उसाचा संकर नदीकाठच्या कास गवताशी केला आणि १९१८ साली को २०५ बाहेर आली. आजच्या उसाचा काटकपणा बराचसा त्या गवताकडून आलेला आहे. ओढ्याकाठचे पांढरे तुरे पेटवून देताना हे ध्यानात असू द्यावे.

तेव्हा शेतकी खात्याने नोंदवहीत जातीच्या रकान्याशेजारी आई-बापाचा रकाना काढावा, आणि गटवार हिशेब वार्षिक सभेपुढे ठेवावा. एका जातीखाली गटाचे निम्म्याहून जास्त क्षेत्र नसावे, असे आमचे मत आहे. दुसरे बेणे आणायचे कुठून, हा सभासदांचा सवाल रास्तच आहे. पाडेगाव केंद्राने व मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने शिफारस केलेल्या, गोत्राने लांबच्या दोन-तीन जाती कारखान्याच्या बेणे मळ्यात वाढवाव्यात, आणि ते बेणे आडसाली लावणीआधी सभासदांच्या हाती पडावे.