हप्त्याचा ठेका

कर्ज काढून लग्न करणाऱ्याला गाव नावे ठेवते, कर्ज काढून घर बांधणाऱ्याला कर्तबगार म्हणते, आणि कर्ज काढून पेटी घेणाऱ्याला रसिक म्हणते. पहिल्या दोन निकालांबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्यावर मात्र मला अपील करायचे आहे. गाण्याबजावण्याच्या महागड्या वस्तू, मग ती स्केल चेंजर पेटी असो, मिरजेचा तंबोरा असो, की भिंतीचा गिलावा पाडणारे स्पीकर असोत, कर्ज काढून घेऊ नयेत. पैसे साठवून घ्याव्यात. हे माझे मत आहे आणि ते मी बँकेच्या काउंटरमागे बसून बनवलेले आहे.

आता बँकेतल्या माणसाने कर्जाविरुद्ध बोलायचे म्हणजे हलवायाने मधुमेहावर व्याख्यान द्यायचे, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे! बर्फीने कोणाचे काय झाले, हे हलवायाइतके जवळून पाहायला मिळते कोणाला?

विषय निघाला तो आमच्या तेरमधल्या एका भजनी मंडळावरून. तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. आमच्याकडे नुसते ‘काका’ म्हटले की ते गोरोबाकाकाच; सख्ख्या चुलत्याला आपण कोणते काका ते समजावून सांगावे लागते. चैत्र वद्य त्रयोदशीला काकांची पुण्यतिथी, तेरणेच्या काठी यात्रा, दिंड्या, टाळमृदंगाचा कल्लोळ. अशा गावात तीन माणसे जमली की एक अभंग म्हणतो, दुसरा टाळ धरतो आणि तिसरा पट्टी चुकली असे सांगतो. मंडळाची पेटी पार म्हातारी झाली आहे. भात्याला दमा आहे. काळी चार दाबली की काळी चार आणि तिची शेजारीण अशा दोघी मिळून ओरडतात. पखवाजाला कितीही कणीक लावली तरी धुमाळीचा आवाज येत नाही, पोळ्या लाटल्याचा येतो. तेव्हा नवे सामान घ्यावे यावर मंडळात एकमत आहे. पैसे नाहीत यावरही एकमत आहे. मतभेद सुरू होतात ते इथून पुढे.

तरुण मंडळींचे म्हणणे असे की घ्यायचे तर एकदाच दणक्यात घेऊ. पेटी, पखवाज, दोन मोठे बॉक्स, चार माइक आणि एक मिक्सर. या मिक्सरचे चित्र मला मोबाइलवर दाखवण्यात आले. त्याला इतकी बटणे होती की त्यावर विमान सहज उडवता आले असते.

“हप्त्याचं काय टेन्शन घ्यायलाव साहेब? लग्नाला भाड्यानं दिलं की हप्ता आपोआप फिटतो.”

या ‘आपोआप’ शब्दाला माझा सक्त विरोध आहे. बँकेतल्या नोकरीत मी आपोआप फिटलेले एकही कर्ज पाहिले नाही. आपोआप होते ते फक्त व्याज.

बी. कॉम. झालो आहे तर त्याचा उपयोग एकदा करून घेतो. समजा, सामान साठ हजारांचे आहे. वर्षाला बारा टक्के व्याजाने, घटत्या बाकीवर, तीन वर्षांचे कर्ज काढले तर हप्ता बसतो महिना 1,993 रुपये. छत्तीस हप्त्यांत सुमारे 71,740 रुपये जातात. म्हणजे साठ हजारांच्या सामानावर पावणेबारा हजार व्याज. हे झाले सरळमार्गी कर्ज. पण गावात एजंट येतो तो ‘बारा टक्के’ म्हणत नाही, ‘शेकडा एक रुपया महिना’ म्हणतो. ऐकायला कसे घरगुती वाटते! हा फ्लॅट दर. त्यात तुम्ही मुद्दल फेडत आणता, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवरच बसते. तीन वर्षांचे झाले 21,600. दोन्हीकडे आकडा बाराच, पण एका बाराने तुम्हाला पावणेबारा हजारांना धुतले आणि दुसऱ्याने साडेएकवीस हजारांना.

आणि ‘शून्य टक्के व्याज’ या चमत्काराबद्दल तर बोलूच नये. बोलायचे ते रिझर्व्ह बँक 2013 च्या परिपत्रकात बोलून बसली आहे: शून्य टक्के व्याज नावाची गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज कुठे तरी असतेच. प्रोसेसिंग फीमध्ये दडलेले असते, नाही तर रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती तिच्यात असते. वारकरी संप्रदायात निर्गुणाला फार मान आहे, पण निर्गुण व्याज मी तरी पाहिले नाही.

आता याच 1,993 रुपयांचे दरमहा रिकरिंग करा. साडेसहा टक्के दर धरला तरी अठ्ठाविसाव्या महिन्यात साठ हजार पुरे होतात. म्हणजे कर्जवाला अजून आठ हप्ते भरायचा असतो, तेव्हा तुम्ही रोख पैसे मोजून, दुकानदाराशी घासाघीस करून, वर पेटीचे कव्हर फुकट मागून घेऊन घरी आलेले असता.

पण खरे सांगू का, माझे भांडण या पावणेबारा हजारांशी नाही. तेवढे पैसे माणसे एका बारशात उडवतात. माझे भांडण आहे ते हप्त्याला संगीतातले काही कळत नाही याच्याशी. साठवलेल्या पैशाने आणलेला पखवाज तुमचा असतो. वाटले तर वाजवा, वाटले तर खुंटीला टांगा. हप्त्याच्या पैशाने आणलेल्या पखवाजाने पाच तारखेच्या आत 1,993 रुपये कमवावेच लागतात. आणि पाच तारखेच्या आत 1,993 रुपये भजनाने मिळत नाहीत हो! ते वरातीने मिळतात. मग एकादशीला मंडळ जमते, पण बॉक्स ढोकीला वरातीत गेलेले असतात. मिक्सर चालवणारा गडी म्हणजे आपला टाळकरी, तोही बॉक्सबरोबर गेलेला. ज्या भजनासाठी सामान आणले ते भजन पुन्हा जुन्या दमेकरी पेटीवर. ठेका पखवाजवाल्याने धरायचा असतो. कर्ज काढले की तो हप्ता धरतो.

बरे, वरातीचा धंदा तरी बारमाही आहे का? देवशयनी एकादशीला देव झोपतात, ते कार्तिकात उठतात. तुळशीचे लग्न लागेपर्यंत आमच्याकडे माणसांची लग्ने लागत नाहीत. चार महिने बॉक्सवर चादर घालून ठेवायची. देव चार महिने झोपतो, हप्ता एक रात्रही झोपत नाही. शिवाय कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. दहा वाजता फौजदार येऊन बटण बंद करतात, तेव्हा “साहेब, अजून हप्ता फिटला नाही” असे सांगून पाहावे!

आणि पाऊस? आमच्या भागात लग्नाचा मांडव सोयाबीनवर उभा असतो. सोयाबीन गेले की वरात देवळापर्यंतच आणि तीही हलगीवर. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. ‘जलदूत’ म्हणत त्या गाडीला. ज्या मुलखात प्यायचे पाणी वॅगनमधून येते, तिथे छत्तीस महिने नेमाने पैसे येतील हे गृहीत धरणारा मनुष्य आशावादी खरा, पण त्याच्या अर्जावर जामीन म्हणून मी सही करणार नाही.

या मुद्द्यावर एका पेटीवाल्या मित्राने मला बालगंधर्व ऐकवले. म्हणजे गाणे नव्हे, दाखला. “अरे, गंधर्वांनी हिशेब केला असता तर थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी नाटकात आली असती का?” नसती आली. मान्य. भरजरी शालू आले नसते, अत्तराचा घमघमाट आला नसता. पण रसिक मंडळी ही गोष्ट नेहमी पहिल्या अंकानंतर थांबवतात. पुढच्या अंकात गंधर्व नाटक मंडळीवर लाखाच्या वर कर्ज चढले आणि महाराष्ट्राच्या त्या लाडक्या माणसाला ते फेडण्यासाठी वर्षानुवर्षे प्रयोगामागून प्रयोग करावे लागले. गळा बालगंधर्वांचा होता म्हणून निभावले. आमच्या मंडळाच्या मुख्य गायकांचा गळा चांगला आहे, परंतु त्याच्या तारणावर लाख रुपये कोणी देणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि तो मला आमच्या पखवाजवाल्या काकांनी (चुलत्या अर्थाने काका) घेतला. ते म्हणाले, “तुझं खरंय बाबा. पण माझी सत्तरी आली. तुझं रिकरिंग भरेपर्यंत बोटं राहतील का? आणि ते पोरगं बघ, चौदा वर्षांचं आहे, हात कसला पडतोय त्याचा. त्यानं अडीच वर्षं मांडीवर बडवीत बसायचं का?”

यावर मला दोन दिवस उत्तर सुचले नाही. मग सुचले ते असे, की वाद्य उसने घ्यावे, पैसे घेऊ नयेत. आपल्याकडे वाटीभर साखर उसनी मिळते, लग्नात परात-पातेली उसनी मिळतात, बैलसुद्धा सावडीने मिळतो. गावात किती पेट्या माळ्यावर पडून आहेत याची मोजदाद एकदा करा. मुलगी शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली, पेटी वर गेली. देवळात पखवाज आहेत, ते सप्ताहाचे सात दिवस वाजतात आणि एरवी त्यांच्यात उंदीर रियाज करतात. त्यातला एक त्या पोराला द्या, पुडी बदलून द्या, वाद्या ओढून घ्या. पोराचा हात थांबायला नको आणि त्याच्या बापाचे खाते एनपीएत जायला नको. एका गोष्टीला मात्र माझी हरकत नाही. ज्याच्या शिकवण्या चालू आहेत, जुन्या तबल्यावर ज्याचे घर आजच चालते आहे, त्याने नव्या तबल्यासाठी बेतशीर कर्ज खुशाल घ्यावे. त्याचे वाद्य आधी कमावते आहे, मग हप्ता येतो आहे. आपल्याकडे हप्ता आधी येतो आणि वाद्य कमावेल अशी बातमी असते.

घाई झालेल्या माणसांना मी मिरजेला जाऊन यायला सांगतो. पूर्वी हे सोपे होते. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी लातूरहून थेट मिरजेपर्यंत जायची. गाडी इतकी सावकाश, की पोचेपर्यंत तंबोऱ्याला लागणारे निम्मे पैसे माणसाने साठवले असते. मिरजेचे हे कारागीर घराणे मूळचे शिकलगारांचे, तलवारींना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपल्यावर ते सतार-तंबोऱ्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, आणि तो तोडला की लगेच वाद्य होत नाही. वाळावा लागतो, महिनेच्या महिने. ओल्या भोपळ्याला तारा लावल्या तर तंबोरा होत नाही, भाजी होते. कारागिराला तुम्ही कितीही हप्ते देऊ केलेत तरी भोपळा काही लवकर वाळत नाही. मग ज्याचा भोपळा इतका थांबतो, त्याच्या मालकाला अठ्ठावीस महिने थांबायला काय धाड भरली आहे?

तेरच्या माणसाला तर हे सांगायचीही गरज नसावी. काकांनी हातात थापटणे घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारून कोणते मडके भाजले आहे ते पाहिले, आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा इथल्या शेंबड्या पोराला पाठ आहे. नामदेव रुसले, पण नंतर विसोबा खेचरांकडे गेले. हप्त्याने पक्के मडके मिळते का, असे विचारत ते फिरले नाहीत.

माझ्या पक्षातही काही नमुने आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. साठवायला लागले की काहींना साठवण्याचाच नाद लागतो. आमच्या शाखेत एक गृहस्थ व्हायोलिनसाठी मुदत ठेव करतात आणि दर वेळी मुदत संपली की व्याजासकट पुन्हा ठेवतात. व्हायोलिनपेक्षा पावतीवरचा आकडा त्यांना सुरेल वाटू लागला आहे. अशा लोकांची ठेव मोडून त्यांना वाद्य घ्यायला लावायचा अधिकार बँकेला मिळाला पाहिजे. पण तो मॅनेजरच्या टार्गेटमध्ये बसत नाही.

भजनी मंडळाची बैठक शेवटी झाली. मिक्सरचा ठराव फेटाळला गेला नाही, ‘पुढे ढकलला’ गेला. आमच्याकडे फेटाळण्याची तीच सभ्य रीत आहे. पेटीसाठी साठवायचे ठरले. कुंभारवाड्यातून एक चांगला मोठा मातीचा गल्ला आणून विठ्ठलाच्या फोटोखाली ठेवला आहे. दर एकादशीला भजन संपले की त्यात नाणी-नोटा पडतात, आणि पखवाजवाले काका पोटाला टिचकी मारून, कान लावून, किती भरला ते सांगतात. परवा तरुण मंडळींनी सूचना मांडली की गल्ल्यावर क्यूआर कोड चिकटवावा, म्हणजे पुण्या-मुंबईची माणसेही पैसे टाकतील. सूचना चांगली होती. काकांनी कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे, मोबाइलवरून टाकलेल्या पैशाचा आवाज बदलत नाही, मग टिचकी मारायची कशाला?