तंबूचे कापड निवडताना

एप्रिलची सुट्टी जवळ आली की आपल्या घराघरांत समुद्रकिनाऱ्यावर तंबू ठोकण्याच्या गोष्टी सुरू होतात. ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांना वजनाची फिकीर नसते. तंबू, गाद्या, भांडीकुंडी, सगळे डिकीत जाते. पण आमच्या वर्गातील निम्मी मुले बसने येणारी. विद्यार्थ्यांना २००५ पासून बसप्रवास फुकट आहे, तेव्हा जाण्यायेण्याचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो पाठीवरच्या ओझ्याचा. बसमधून उतरून तासभर चालायचे, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर चार किलोचा तंबू! मग आई म्हणते, ‘राहू दे, पुढच्या वर्षी जा.’ ते पुढचे वर्ष काही येत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की हलके छप्पर घरी शिवावे, आणि ते शिवताना कापड डोळसपणे निवडावे.

आधी साधा हिशेब करू. तीन मीटर लांब आणि तीन मीटर रुंद छप्पर म्हणजे नऊ चौरस मीटर कापड. जाड सुती कॅनव्हास चौरस मीटरला साडेतीनशे ग्रॅम धरला तरी तीन किलोंच्या वर जातो, आणि भिजला की आणखी जड. तुफानानंतर प्रत्येक घरात उरलेली ती निळी बाश, म्हणजे प्लास्टिकची ताडपत्री, हलक्यातली घेतली तर सुमारे एक किलो भरते. स्वस्त आहे, पाणी अडवते, पण घडी मोठी होते आणि उन्हाने तिचे तुकडे पडतात. सिलिकॉन लावलेले बारीक पॉलिएस्टर चौरस मीटरला पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास असते. त्याचे संपूर्ण छप्पर चारशे ग्रॅम, म्हणजे एका पावाच्या वजनाचे!

मग नायलॉन का नको? त्याचे उत्तर आम्ही भिजून शिकलो. मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही नायलॉनचे छप्पर शिवले होते. नायलॉन ताणाला चिवट, म्हणून आमचा त्याच्यावर भरवसा. दक्षिण किनाऱ्यावर फिलाओच्या झाडांजवळ संध्याकाळी ते ढोलासारखे ताणून बांधले. रात्री पाऊस आला आणि कापड ओल्या साडीसारखे लोंबू लागले. मध्ये पाण्याचे तळे साचले, ते मुलांच्या चादरींवर उतरले. नायलॉन हवेतूनच साधारण चार टक्के ओल पितो आणि भिजला की लांबतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही पीत नाही. शिवाय आपल्याकडच्या उन्हापुढे पॉलिएस्टर जास्त दिवस टिकते. पुस्तकात ही माहिती होती, आम्हीच वाचली नव्हती.

सकाळी एका विद्यार्थ्याच्या आईने ते छप्पर हातात घेतले. ही बाई कपड्यांच्या कारखान्यात सतरा वर्षे मशीनवर होती. शिवण दोन बोटांनी ताणून म्हणाली, ‘गुरुजी, दोरा सुती घातलात? ओलीने तो कुजणार. पॉलिएस्टरचा घाला. आणि शिवण दुहेरी मुडपून घाला, जीन्सच्या पायाला असते तशी.’ आम्ही शिक्षक-प्रशिक्षण घेतलेले, आणि धडा मिळाला तो तिच्याकडून.

आपल्या किती घरांत असे हात आहेत! १९७० नंतर निर्यातीच्या कारखान्यांत आपल्या आया-बहिणींनी सबंध जगाचे सदरे शिवले. २००५ च्या सुरुवातीला कापडाच्या कोट्याची जागतिक व्यवस्था संपली, कारखाने बंद पडू लागले आणि पुष्कळ जणी घरी बसल्या. त्यांच्या हातातली विद्या आज फॉल-बिडिंग आणि झिपा बदलण्यात जाते. शाळेला त्यांना बोलवायचे सुचत नाही, हे आम्हाला खटकते.

काही पालक म्हणतात, दुकानात तयार तंबू मिळतो, शिवायची उठाठेव कशाला? मिळतो खरा. पण स्वस्त तंबूला आतून पॉलियुरेथेनचा थर असतो. आपल्या दमट हवेत, कपाटात ओला ठेवला तर, काही वर्षांत तो थर चिकट होतो, आंबूस वास मारतो आणि सोलून निघतो. दुसरे टोक म्हणजे डायनीमासारखी महागडी कापडे. वजनाला खरोखर पिसासारखी, पण शाळेतल्या मुलांसाठी तो छंद आम्हाला शोभत नाही.

कापड घेताना ला कोर्देरी रस्त्यावर घाई करू नका. तुकडा ओठांना लावून फुंकून पाहा. हवा आरपार गेली तर पाणीही जाईल. पॅराशूटचे कापड म्हणून जे विकतात ते याच परीक्षेत नापास होते. वाटीत दाबून त्यात पाणी घाला, दहा मिनिटांनी खाली हात लावा. सिलिकॉनच्या कापडावर शिवण झाकायची पट्टी चिकटत नाही, तेव्हा टाक्यांवर सिलिकॉनचाच लेप ब्रशने द्यावा लागतो. सुई बारीक, सत्तर नंबरची. आणि महाग कापडाला कात्री लावण्याआधी मुलांना जुन्या छत्रीवर हात बसवू द्या. क्युर्पीपच्या वाऱ्याने उलटलेल्या छत्र्या काय कमी आहेत? त्या कापडाच्या लहान पिशव्या शिवा. किनाऱ्यावरच्या मऊ वाळूत खुंटी धरत नाही. तिथे हीच पिशवी वाळूने भरून, दोरी बांधून, हातभर खोल पुरली की छप्पर हलत नाही.

या शनिवारी दुपारी आम्ही ते जुने नायलॉनचे छप्पर उसवणार आहोत. त्याच्या पिशव्या होतील. नवे पॉलिएस्टर घरी आणून ठेवले आहे, आणि कापायला त्याच बाईंना बोलावले आहे. त्यांनी एकच अट घातली आहे, मशीनवर मुलगेही बसले पाहिजेत.