साडूंचा युरोप, आमचं धारवाड

"युक्रेनला युरोपीय संघात घ्यायलाच हवं. लढाई चालू आहे म्हणून थांबायचं कशाला?" हुबळीच्या साडूंनी रविवारी आमच्या ओसरीवर बसून निकाल दिला. जगाचे निकाल ते आमच्याकडेच लावतात, त्यांच्या घरी कोणी ऐकत नाही.

हकीकत एवढीच. २४ फेब्रुवारी २०२२ला रशियाने हल्ला केला, चार दिवसांत युक्रेनने अर्ज दिला, जूनमध्ये उमेदवारी मिळाली. सदस्यत्व सगळ्या २७ देशांनी हो म्हटल्यावर. २०२५ मध्ये हंगेरीच्या सरकारने लोकांना मतपत्रिका पाठवल्या आणि ९५ टक्के लोक नको म्हणतात असं सांगितलं. प्रश्नही सरकारचा, निकाल सांगणारंही सरकारच.

मी साडूंना म्हटलं, "मग धारवाड वेगळं होतंय त्याचं काय?" १९६२ साली हुबळी आणि धारवाड मिळून एक महापालिका झाली. त्याच वर्षी चीनशी युद्ध झालं, तरी जोडी टिकली. जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने धारवाडची वेगळी महापालिका मंजूर केली. मतपत्रिका मात्र आमच्याकडे कोणी पाठवली नाही.

"जाऊ द्या की हो! आमचा कर तुमच्या गटारांत का घालायचा?"

युक्रेनसाठी दार सताड उघडं, वीस किलोमीटरवरच्या साडूसाठी कडी! आणि कर कोण कोणाच्या गटारात घालतं? आमच्या गल्लीत कोणालाही विचारा, पैसा सगळा हुबळीत जिरतो. विद्यापीठ आमच्याकडे, रेल्वेचं मुख्यालय त्यांच्याकडे, आणि दुसऱ्याला आपणच पोसतो ही खात्री दोन्हीकडे.

त्यात साडू येताना पेढे आणतात. धारवाडचे पेढे. हुबळीत विकत घेऊन. चिगरी बसमधून ते मूळ गावी परत येतात आणि वर ऐकवायचं, "खाऊन बघा, असा पेढा तुमच्याकडे मिळत नाही." खाल्ला. तसाच होता. मग त्यांनी गिरमिट आणि मिरची भजी मागवली, पैसे मी दिले. एकत्र महापालिकेचा हिशेब हा असा चालतो.

सौ. आतून बाहेर आल्या. "दोन महापालिका झाल्या की नळाला रोज पाणी येणार का?"

साडूंनी युरोप सोडला आणि घड्याळ पाहिलं. त्यांच्याकडे आज मलप्रभेच्या पाण्याची पाळी होती. उरलेली भजी कागदात बांधून ते निघाले, पेढ्यांचा डबाही घेऊन गेले.