उपग्रहाला उसातलं पाणी दिसतं, पंचनाम्यात ते कधी येणार?

बेळगाव : नदीकाठच्या शेतकऱ्याची खरी लढाई पूर ओसरल्यावर सुरू होते. पाणी किती दिवस उभं होतं, बुडख्यापाशी थांबलं की शेंड्यावरून गेलं, हे तलाठ्याला पटवून द्यायचं असतं. तो येईपर्यंत चिखल वाळतो. ऊस लांबून हिरवा दिसतो आणि आत पोंगा कुजलेला असतो. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत, असा केंद्राचा निकष आहे. ते ३३ टक्के ठरतात ते बहुतेक वेळा बांधावर उभं राहून, नजरेच्या अंदाजाने.

याच प्रश्नाचं एक उत्तर आता ७४७ किलोमीटर उंचीवरून फिरतं आहे. अमेरिकेची नासा आणि आपली इस्रो यांनी मिळून बनवलेला निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. करार झाला होता सप्टेंबर २०१४ मध्ये, म्हणजे काम पुरं व्हायला जवळपास अकरा वर्षं गेली. एकूण खर्च दीड अब्ज डॉलरच्या वर, त्यात भारताचा वाटा सुमारे ७८८ कोटी रुपये. रॉकेट, उपग्रहाचा सांगाडा आणि एस-बँड रडार भारताचं. एल-बँड रडार आणि १२ मीटर व्यासाचा जाळीदार अँटेना अमेरिकेचा. जमाखर्च मांडला तर आपल्यासाठी हा सौदा वाईट नाही. शिवाय माहिती फुकट आणि सगळ्यांना खुली.

आता यात चिकोडी, निपाणी, अथणी किंवा पलीकडच्या शिरोळचा काय संबंध?

संबंध उसाचा आहे. साधा कॅमेरा असलेला उपग्रह पावसाळ्यात जवळपास निकामी ठरतो, कारण पूर येतो तेव्हा वर ढग असतात. रडारला ढगांचा अडथळा नाही, अंधाराचाही नाही. मोकळ्या रानात साचलेलं शांत पाणी रडारच्या चित्रात काळं दिसतं. पण आजवर पुरासाठी जी रडार चित्रं जास्त वापरली गेली, ती सी-बँडची. या लहरींची लांबी पाच-साडेपाच सेंटिमीटर. दहा-बारा फूट उंच, दाट उसाच्या पाल्यावरच त्या अडकतात आणि परत फिरतात. म्हणजे खाली कमरेएवढं पाणी असलं तरी नकाशावर ते शेत कोरडं दिसू शकतं. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठी ऊसच ऊस आहे, त्यामुळे ही चूक इथे फार महागात पडते.

एल-बँडची लहर २४ सेंटिमीटरची. ती पाल्यातून बरीच आत शिरते, पाण्यावर आदळते, तिथून उसाच्या कांड्यांवर आणि मग मागे येते. त्यामुळे पाण्यात उभा असलेला ऊस नेहमीपेक्षा जास्त चमकतो. कोरड्या दिवसांचं चित्र शेजारी ठेवलं की फरक कळतो. अर्थात ऊस किती दाट, किती लोळलेला, यावर बरंच अवलंबून आहे. दोन-चार गावांत प्रत्यक्ष रानात जाऊन पडताळणी केल्याशिवाय कुणीही या चित्रावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

दुसरी अडचण वेळेची. निसार एका जागेवरून बारा दिवसांत दोनदा जातो, एकदा चढत्या आणि एकदा उतरत्या मार्गाने. पुराचा जोर मात्र दोन-तीन दिवसांत चढतो आणि उतरतो. म्हणून एका उपग्रहावर भागत नाही. युरोपचा सेंटिनेल-१, इस्रोचा ईओएस-०४ आणि निसार यांची चित्रं एकत्र लावली तरच पाणी कधी आलं, कधी गेलं, याचा बऱ्यापैकी हिशेब लागतो. भारत आणि युरोप यांच्यात उपग्रह माहितीच्या देवाणघेवाणीचा करार मार्च २०१८ मध्ये झालेला आहे, तो याच कामाचा.

पण दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरायचं तर विहीर कधी आटेल याचाही विचार हवा. सेंटिनेल-१ बी डिसेंबर २०२१ मध्ये अचानक बंद पडला आणि त्याची जागा घेणारा डिसेंबर २०२४ मध्ये गेला. मधले तीन पावसाळे जोडीतल्या एकाच उपग्रहावर काढावे लागले. अमेरिकेतही २०२५ मध्ये नासाच्या विज्ञान खर्चाला जवळपास निम्मी कात्री लावण्याचा प्रस्ताव पुढे आला होता. तिथल्या काँग्रेसने तो जसाच्या तसा मान्य केला नाही, म्हणून निभावलं. फुकट माहितीची किंमत कुठेतरी कुणीतरी मोजत असतं.

हे झालं आभाळातलं. खरी गाठ खाली आहे.

निसारची माहिती भारतात हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून, भूनिधी पोर्टलवरून मिळते. तिथपर्यंत सीमा नाही. तिच्यावरून स्थानिक नकाशे करण्याचं काम राज्यांच्या संस्थांचं. महाराष्ट्राची संस्था नागपुरात, कर्नाटकची बेंगळुरूत, आणि दोघींचं काम आपापल्या राज्यापुरतं. पावसाचंही तसंच. कर्नाटकने ग्रामपंचायतनिहाय पर्जन्यमापक बसवले, महाराष्ट्राची महावेध केंद्रं महसूल मंडळनिहाय. दूधगंगा मात्र काळम्मावाडीहून निघून बेळगाव जिल्ह्यात येते आणि कृष्णेला मिळते. तिला दोन्ही याद्यांशी घेणं-देणं नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव तिन्ही जिल्हे बुडाले. त्यानंतर वाद पेटला तो अलमट्टीवर. वडनेरे समितीने २०२० मध्ये अलमट्टीला त्या पुरासाठी जबाबदार धरलं नाही, तरी वाद मिटला नाही. आता धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या कर्नाटकच्या योजनेमुळे तो पुन्हा तापला आहे. जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन जलसंपदा मंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले होते. आवक आणि विसर्गाचे आकडे एकमेकांना तत्काळ द्यायचे, असं ठरलं. चांगलंच झालं. पण हे आकडे धरणाच्या दारावरचे. पाणी कुणाच्या शिवारात किती दिवस राहिलं, ते त्यात येत नाही.

अलमट्टीच्या फुगवट्याचा वाद या नकाशांनी लगेच सुटेल असं नाही. त्यासाठी नदीपात्राची मोजमापं आणि गणितं वेगळी. पण राजापूर बंधाऱ्यापासून खाली हिप्परगीपर्यंत पाणी कोणत्या तारखेला कुठवर पसरलं होतं, याचा एकच नकाशा दोन्ही राज्यांसमोर असला तर निदान भांडण तरी एकाच कागदावर होईल.

शेतकऱ्याच्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट नुकसानभरपाईची. केंद्राच्या निकषाने बागायतीला हेक्टरी १७ हजार रुपये मिळतात, तेही दोन हेक्टरपर्यंत. त्यावरची भर ज्या त्या राज्याची, त्यामुळे बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे रक्कम वेगळी असू शकते. ज्यांचा सातबारा महाराष्ट्रात आणि उतारा कर्नाटकात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. रक्कम वेगळी असली तरी पुरावा एकच असायला कुणाची हरकत असू नये.

त्यासाठी नवं काही शोधायचं नाही. कर्नाटकच्या दिशांक ॲपवर सर्व्हे नंबर मोबाइलमध्ये दिसतो. महाराष्ट्रात महाभूनकाशावर गट नंबर दिसतो. पिकाची नोंद इकडे पीक समीक्षेत होते, तिकडे ई-पीक पाहणीत. या थरांवर रडारचा पूर-नकाशा ठेवला की कोणत्या सर्व्हे नंबरात कोणत्या तारखांना पाणी होतं, याची यादी निघते. ती यादी पंचनाम्याच्या आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे, आणि सीमाभागात मराठीतही. ज्याचं शेत यादीत नाही त्याने हरकत घ्यावी, मग तलाठ्याने जाऊन पाहावं. पंचनामा बंद करा असं कुणी म्हणत नाही. नुसत्या नकाशावर मदत नाकारली जाऊ लागली, तर तो नजरेच्या अंदाजापेक्षा मोठा अन्याय ठरेल.

छोट्या शिवारांचा प्रश्न तरीही उरतो. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शेतकऱ्यांचं भात बळ्ळारी नाल्याच्या पाण्यात वारंवार बुडतं. तिथली रानं काही गुंठ्यांची, बांध अरुंद. निसारला जमिनीवरचे पाच-दहा मीटरचे तुकडे वेगळे दिसतात, त्यामुळे पट्टा कळेल, पण एकाचं वावर आणि दुसऱ्याचं वावर यातला फरक प्रत्येक वेळी कळेलच असं नाही. भात बुडाल्याचं नुकसान पीक विम्यात २०१८ मध्ये वगळलं होतं. खरीप २०२६ पासून ते परत घेण्याचं केंद्राने जाहीर केलं आहे. त्यामुळे तारखेसह पुराव्याची गरज नदीकाठच्या उसाइतकीच या नाल्याकाठीही पडणार आहे.

दरवर्षी मान्सूनच्या तोंडावर जिल्हाधिकारी कार्यालयांत पूर आढावा बैठका होतात. बोटी, लाइफ जॅकेट, निवारा केंद्रं, नोडल अधिकारी अशी यादी वाचली जाते. त्या यादीत एक ओळ वाढवायची आहे : हैदराबादहून येणारा नकाशा कोण उतरवून घेणार, आणि कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या कोणत्या अधिकाऱ्यांकडे तो त्याच दिवशी जाणार.