‘डिझॅस्टर’मधील तारा

इंग्रजीतील ‘डिझॅस्टर’ या शब्दाच्या पोटात एक तारा दडलेला आहे, ही गोष्ट कोशकारांना परिचित असली तरी अनुवादकांच्या ध्यानी क्वचितच राहते. हा शब्द सोळाव्या शतकात इटालियन व फ्रेंचमधून इंग्रजीत आला. ‘अस्त्रो’ म्हणजे तारा. ज्याचा तारा प्रतिकूल, त्याच्यावर ओढवते ते ‘डिझॅस्टर’. मुळात हा शब्द घटनेचा नव्हे, दुर्दैवाचा. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये तो सूर्यावरील अशुभ चिन्हांसाठी येतो. ‘किंग लिअर’मध्ये मात्र एडमंड, स्वतःच्या करणीने ओढवलेल्या अनर्थांचा दोष सूर्यचंद्रतारकांवर ढकलणाऱ्यांची टर उडवितो, आणि ‘डिझॅस्टर’ हाच शब्द त्याच्या तोंडी आहे. एडमंड खलपुरुष खरा. पण इंग्रजी भाषेने पुढे कौल दिला तो त्यालाच. त्या शब्दातील तारा विझला. म्हणूनच आपल्या 2005 सालच्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या इंग्रजी संहितेत ‘डिझॅस्टर’च्या व्याख्येत मानवी हलगर्जीपणाचाही समावेश होऊ शकला.

बंगालीतील ‘दुर्योग’ या शब्दाची वाटचाल अशीच आहे. ग्रहांचा अशुभ योग हा त्याचा अर्थ मागे पडला, आणि बांगलादेशात तर तो शासकीय खात्याच्या नावात जाऊन बसला. मराठीतील ‘आपत्ती’त ग्रहही नाहीत आणि देवही नाही, जे येऊन कोसळते ते, एवढेच. (हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, म्हणून तेथे ‘आपदा’.) पारिभाषिक शब्दाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘दुर्दैवी’ या विशेषणाविषयी. कारखान्यात स्फोट होवो, पूल कोसळो, मराठी वृत्तलेखक आणि अनुवादक ते सवयीने जोडून देतात. इंग्रजी शब्दाने तारा टाकून दिला, आणि अनुवादात आपण तेथे दैव आणून बसवितो.

ही आपली परंपराच आहे, असे कोणी म्हणेल. तसे म्हणण्यापूर्वी ‘अर्थशास्त्रा’चे सहावे अधिकरण पाहावे. कौटिल्य मानुष आणि दैव असा भेद करून प्रत्येकासाठी शब्दांची वेगळी जोडी देतो: मानुष ते नय आणि अपनय, दैव ते अय आणि अनय. धोरण चुकून झालेल्या हानीला आणि दैवाने झालेल्या हानीला एकच नाव देण्याची मुभा त्याने राज्यकर्त्याला ठेवलेली नाही. ‘अपनय’ मराठीत रुळला नाही. ‘दुर्दैव’ मात्र घरोघरी आहे.

2 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्रीच्या सुमारास भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीपासून बंद होती. हिंदीने या प्रसंगाला ‘त्रासदी’ म्हटले. ‘ट्रॅजेडी’च्या ध्वनीवर बेतलेला हा नाट्यशास्त्रीय शब्द; तो शोकाला उंची देतो, परंतु नायकाच्या प्रमादाची जी चौकशी ट्रॅजेडीत असते ती बरोबर आणत नाही. मराठीने ‘वायुदुर्घटना’ म्हटले. वाईट घडले, इतकेच. कोणी घडविले हा प्रश्न त्या शब्दात मावत नाही. फार दूर कशाला, 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे अपुरे धरण फुटून पुण्यात पाणी शिरले, त्याला पुणेकर आजही ‘पानशेतचा पूर’ म्हणतात. जणू नदीच आपणहून चढून आली!

ज्याचे माणूस गेले त्याने ‘नशीब फुटले’ म्हणावे. तो त्याचा अधिकार आहे, आणि अशी साक्ष अनुवादित करताना त्या नशिबाचा एक कणही गाळू नये. पण चौकशीचा अहवाल, न्यायालयीन निकाल, इतिहासलेखन यांच्या अनुवादात ‘दुर्दैवी’ हे विशेषण मूळ संहितेत असेल तरच यावे. नसेल तर ते खोडावे, आणि मूळ वाक्याचा कर्ता मराठी वाक्यातून गळालेला तर नाही ना, हे आधी तपासावे.