तोल जातो तेव्हा दुसरा डोळा हवा

डोळे मिटून फिरत्या खुर्चीत बसले की सुरुवातीला आपण फिरतो आहोत हे कळते. खुर्ची एकाच वेगाने फिरत राहिली तर थोड्याच वेळात स्थिर असल्यासारखे वाटते आणि ती थांबताच उलट दिशेने फिरल्याचा भास होतो. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका फिरण्याचा वेग नव्हे, वेगातील बदल टिपतात. जमिनीवर ही उणीव डोळे भरून काढतात. अवकाशविमानाच्या वैमानिकाला मात्र उपकरणांवरच विसंबावे लागते.

त्याच वेळी विमानाचा तोलही नाजूक होतो. नेहमीचे विमान शेपटीवरील हवेच्या दाबामुळे सरळ राहते. उंचीवर हवा इतकी विरळ होते की शेपूट आणि सुकाणू यांचा उपयोग उरत नाही. तेथे नाकाजवळील आणि पंखांवरील छोटे वायुझोत सोडून विमान सावरावे लागते.

अमेरिकेच्या एक्स-१५ या विमानाची १५ नोव्हेंबर १९६७ची दुर्घटना या संदर्भात आजही अभ्यासण्याजोगी आहे. चढतानाच एका प्रयोगाच्या उपकरणातून निर्माण झालेल्या विद्युत अडथळ्याने नियंत्रण यंत्रणा बिघडली. सुमारे ८१ किलोमीटर उंचीवर पोहोचेपर्यंत विमानाचे नाक मार्गापासून १५ अंश वळले होते. वैमानिक मायकेल अ‍ॅडम्स यांनी बाजूचा कल दाखवणारा काटा नाकाची दिशा दाखवणारा समजून वाचला. सावरण्याच्या प्रयत्नात नाक आणखी वळले. ध्वनीच्या पाचपट वेगात विमान गिरक्या घेऊ लागले. त्यातून ते बाहेरही आले. पण नियंत्रण यंत्रणेमुळे सुरू झालेले हेलकावे थांबले नाहीत. विमानाचे तुकडे झाले आणि अ‍ॅडम्स यांचा मृत्यू झाला.

चौकशीत काटा वाचण्यातील चूक, विचलित झालेले लक्ष आणि संभाव्य चक्कर ही कारणे पुढे आली. तेवढ्यावर थांबले असते तर दोष मृत वैमानिकाच्या माथी मारून सारे मोकळे झाले असते. पण जमिनीवरील नियंत्रण कक्षात विमानाच्या नाकाची दिशा दाखवणारे उपकरणच नव्हते. तेथे बसलेल्या कोणालाही ती चूक दिसणे शक्य नव्हते. म्हणून चौकशी मंडळाने दोन शिफारशी केल्या: ते उपकरण कक्षात बसवावे आणि वैमानिकांच्या अंतर्कर्णाची तपासणी व्हावी.

यातील पहिली शिफारस अधिक मोलाची आहे. तपासणी त्या दिवसापुरते सांगते. निरोगी माणसाचा कानही फसतो. शस्त्रक्रियागृहात रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजन उतरू लागला की पल्स ऑक्सिमीटरचा सूर खाली येतो आणि तो खोलीतील प्रत्येकाला ऐकू येतो. भूलतज्ज्ञाची नजर क्षणभर दुसरीकडे गेली तरी परिचारिका सावध करू शकते. सुरक्षितता एका माणसाच्या दक्षतेवर सोडायची नसते, ती अशी.

भारताच्या अवकाशविमानाच्या प्रतिकृतीने २३ मे २०१६ रोजी सुमारे ६५ किलोमीटर उंची गाठली. त्यात माणूस नव्हता. गगनयानातून मात्र माणसे जाणार आहेत. त्यांची निवड काटेकोर व्हायलाच हवी. पण ‘मला गरगरते आहे’ असे सांगणाऱ्याचे उड्डाण कायमचे थांबणार असेल, तर तो बोलणार नाही. तक्रार निर्धास्तपणे सांगता येणे आणि जे वैमानिकाला दिसते ते जमिनीवरही दिसणे, या दोन्ही गोष्टी यानाच्या आराखड्याइतक्याच गंभीरपणे घ्यायला हव्यात.