विश्लेषण : नॅसकारमध्ये टायर फुटला, तर उत्तर कोणी द्यायचे?

एप्रिल २०१६ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या नॅसकार स्टॉक कार शर्यतींचा तीन वेळचा विजेता टोनी स्टुअर्ट पत्रकारांसमोर बोलता बोलता भडकला. तेव्हा गाडीच्या प्रत्येक चाकाला पाच नट असत. पण वेळ वाचवण्यासाठी संघ त्यातले काहीच आवळून गाडी सोडतात आणि संघटना काणाडोळा करते, अशी त्याची तक्रार होती. कुणाला तरी इजा होईपर्यंत हे असेच चालणार, असे त्याने बजावले. दुसऱ्याच दिवशी नॅसकारने त्याला ३५ हजार डॉलरचा दंड ठोठावला. चालकांच्या परिषदेने हा दंड आपण वर्गणी काढून भरू, असे जाहीर केले. आणि आठवडा उलटायच्या आत नॅसकारने नवा नियम काढला : पाचही नट आवळलेलेच हवेत, नाहीतर संघावर कारवाई!

म्हणजे तक्रार खरी होती, ती करणारा मात्र शिक्षेला पात्र होता. नॅसकारमध्ये टायर, प्रायोजक आणि नियम यांचे नाते समजून घ्यायचे तर हा एक आठवडा पुरेसा आहे.

नॅसकारची शर्यत नेमकी कशी असते?

फॉर्म्युला वनच्या उघड्या चाकांच्या गाड्या आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक आहेत. स्टॉक कार दिसायला रस्त्यावरच्या मोटारीसारखी. बिल फ्रान्स (थोरले) यांनी १९४८ मध्ये नॅसकारची स्थापना केली. या मालिकेच्या सुरुवातीच्या काळात शोरूममधल्या गाड्याच शर्यतीत पळत. आज बाहेरचा आकार तेवढा ओळखीचा उरला आहे. आतली गाडी पूर्णपणे शर्यतीसाठी बांधलेली असते. बहुतेक शर्यती अंडाकृती ट्रॅकवर आणि डावीकडे वळत होतात. त्यामुळे उजव्या बाजूच्या टायरवर सतत सर्वाधिक भार पडतो. भारतीयांसाठी एक दुवाही आहे. नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला आणि त्या मोसमात प्रेक्षकांनी त्याला सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून निवडले.

टायर फुटतो कशामुळे?

समृद्धी महामार्गावर टायर फुटल्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे शास्त्र नवीन नाही. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याची बाजू चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाकते, त्यातून उष्णता साठते आणि रबर आतून सैल पडते. महामार्गावर हा निष्काळजीपणा असतो. नॅसकारमध्ये ती विचारपूर्वक घेतलेली जोखीम असते. हवा कमी असली की टायरचा जास्त भाग जमिनीला टेकतो, पकड वाढते आणि गाडी वळणात वेगाने जाते.

सप्टेंबर २०२२ मध्ये टेक्सासच्या शर्यतीत चेस एलियट, केविन हार्विक आणि मार्टिन ट्रूएक्स हे तिघेही आघाडीवर असताना टायर निकामी होऊन भिंतीवर आदळले. काही संघांनी सुचवलेल्या मर्यादेपेक्षा बरीच कमी हवा ठेवली होती, असे गुडइयरचे म्हणणे पडले. चालक आणि संघांचा सूर असा, की पुरवठादाराने असा टायर द्यावाच कशाला? दोघांचेही थोडे थोडे बरोबर होते. पण खरा मुद्दा ‘सुचवलेल्या’ या शब्दात आहे. फॉर्म्युला वनमध्ये टायरमधील किमान हवा सक्तीची असते आणि ती तपासली जाते. टेक्सासमध्ये ती शिफारस होती. जिंकण्यासाठी शिफारस मोडता येत असेल तर ती मोडली जाणारच. त्यात संघांना दोष देऊन भागत नाही.

हे वर्षही साधे नव्हते. २०२२ पासून ‘नेक्स्ट जेन’ ही नवी गाडी आली. चाके १८ इंची झाली आणि पाच नटांच्या जागी मधोमध एकच मोठा नट आला. पूर्वी मोठ्या ट्रॅकवर वापरला जाणारा ‘इनर लायनर’, म्हणजे टायरच्या आतला दुसरा टायर, या गाडीत राहिला नाही. बाहेरचा टायर फुटला तरी आतल्या आधारावर गाडी पिटपर्यंत नेता यावी, ही त्यामागची कल्पना होती. नव्या गाडीचा मागचा भाग इतका ताठ होता की मागच्या बाजूने भिंतीवर आदळल्यास धक्का थेट चालकापर्यंत पोहोचे. त्याच मोसमात डोक्याला बसलेल्या हादऱ्यामुळे कर्ट बुशची पूर्णवेळ कारकीर्द संपली आणि अॅलेक्स बोमनला अनेक शर्यतींना मुकावे लागले. त्यानंतर पुढच्या मोसमासाठी गाडीचा मागचा भाग बदलण्यात आला.

१९६९ मध्ये चालक शर्यत सोडून का गेले?

इनर लायनरचा जन्मच मृत्यूंमधून झाला होता. जिमी पार्ड्यू १९६४ मध्ये शार्लट येथे आणि बिली वेड १९६५ च्या सुरुवातीला डेटोना येथे दगावला. दोघेही शर्यतीत नव्हे, टायरची चाचणी घेताना गेले. त्यानंतर आतल्या टायरचा उपाय रुळला. पण वेग थांबला नाही.

सप्टेंबर १९६९. अलाबामातल्या तल्लाडेगा येथे बिल फ्रान्स यांचा नवाकोरा ट्रॅक सज्ज झाला होता. सव्वाचार किलोमीटरची एक फेरी, ३३ अंशांनी कललेली वळणे. सरावात गाड्या ताशी ३२० किलोमीटरच्या आसपास पोहोचल्या आणि काही फेऱ्यांतच टायरचे लचके निघू लागले. तो वेग सोसेल असा टायर तेव्हा कुणाकडेच नव्हता. फायरस्टोनने माघार घेतली. रिचर्ड पेटी यांच्या नेतृत्वाखाली चालकांनी नुकतीच स्वतःची संघटना बांधली होती. त्यांची मागणी होती शर्यत पुढे ढकलण्याची. फ्रान्स यांनी नकार दिला. टायर ठीक आहेत हे दाखवण्यासाठी साठीकडे झुकलेले फ्रान्स स्वतः गाडी घेऊन ट्रॅकवर उतरले. अर्थात एकट्याने मोकळ्या ट्रॅकवर, शर्यतीपेक्षा कमी वेगात.

तीसहून अधिक चालकांनी गाड्या ट्रकवर चढवल्या आणि ते निघून गेले. फ्रान्स यांनी दुय्यम मालिकेतल्या गाड्या आणि बदली चालक घेऊन शर्यत पार पाडली. रिचर्ड ब्रिकहाउस जिंकला. अव्वल मालिकेतला तो त्याचा एकमेव विजय. त्या दिवशी कुणी दगावले नाही, आणि म्हणून फ्रान्स बरोबर होते असे सांगणारे आजही भेटतात. हा युक्तिवाद फसवा आहे. सर्वांत वेगवान चालक त्या दिवशी ट्रॅकवर नव्हतेच, एवढे लक्षात घेतले तरी पुरे.

चालकांची ती संघटना काही वर्षांतच विरली. त्याआधी १९६१ मध्ये कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक यांनी चालकांना कामगार संघटनेत आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांच्यावर आजन्म बंदी घातली गेली होती. ती १९६५ मध्ये उठली. एकत्र येण्याची किंमत काय असते, हे चालकांना तल्लाडेगाच्या आधीच कळले होते.

एकच टायर कंपनी असणे चांगले की वाईट?

इथे नॅसकारची बाजू भक्कम आहे. १९८८-८९ आणि पुन्हा १९९४ मध्ये हूझियर आणि गुडइयर यांच्यात ‘टायरयुद्ध’ झाले. स्पर्धेत दोन्ही कंपन्या वेगाच्या मागे लागतात, अधिक मऊ टायर आणतात आणि टिकाऊपणा मागे पडतो. त्यामुळे एकाच पुरवठादाराचा आग्रह समजण्यासारखा आहे. पण एकच पुरवठादार असला की त्याने चूक केल्यास पर्याय उरत नाही.

इंडियानापोलिस हे याचे ठळक उदाहरण. २००८ मध्ये तिथल्या खरखरीत पृष्ठभागावर नॅसकारचे टायर दहा-बारा फेऱ्यांत संपू लागले. नॅसकारने दर थोड्या फेऱ्यांनी पिवळा झेंडा दाखवून शर्यत मंद केली आणि टायर बदलायला लावले. प्रेक्षकांच्या दृष्टीने तो रटाळ तमाशा होता. पण चालकांचा जीव धोक्यात घालण्यापेक्षा तो निर्णय शहाणपणाचा होता. याच ट्रॅकवर २००५ मध्ये फॉर्म्युला वनची शर्यत फक्त सहा गाड्यांनी धावली होती, कारण मिशेलिनने आपले टायर इथे सुरक्षित नसल्याचे सांगितले आणि १४ गाड्या बाजूला झाल्या. कार्तिकेयन त्या सहा जणांत चौथा आला.

मार्च २०२४ मध्ये ब्रिस्टलला मात्र उलटे घडले. टायर अनपेक्षित वेगाने झिजले, आघाडी विक्रमी ५४ वेळा बदलली आणि प्रेक्षक खूश! त्यावरून ‘झिजणारा टायर हवाच’ अशी मागणी सुरू झाली. ती गैर नाही. झिजणारा टायर चालकाला जपून गाडी चालवायला लावतो. मात्र ब्रिस्टलची फेरी एक किलोमीटरचीही नाही. टेक्सासची जवळपास अडीच किलोमीटरची आहे. आणि झिजणे वेगळे, फुटणे वेगळे. झिजताना चालकाला अंदाज येतो, फुटताना येत नाही.

यात प्रायोजकांचा काय संबंध?

नॅसकार संघाचा संसार मुख्यतः प्रायोजकांवर चालतो. १९७१ च्या सुरुवातीला अमेरिकेत दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या आणि त्याच वर्षी विन्स्टन सिगारेटचे नाव या मालिकेला चिकटले. ते २००३ पर्यंत टिकले. पेटी आणि एसटीपी यांचा १९७२ चा करार तर दंतकथा झाला आहे : कंपनीला गाडी लाल हवी होती, पेटी आपला निळा सोडेनात; शेवटी गाडी दोन्ही रंगांत आली. एवढी मान ताठ ठेवणे सगळ्यांना परवडत नाही. फर्निचर रो संघाने २०१७ मध्ये ट्रूएक्ससह विजेतेपद मिळवले आणि मोठा प्रायोजक निघून गेल्यावर २०१८ च्या अखेरीस तो बंद झाला. विजेता संघ एका वर्षात नामशेष!

अशा व्यवस्थेत संघाला पुढे दिसणे भाग असते. आघाडीची गाडी कॅमेऱ्यात दिसते, दिसणाऱ्या गाडीवरचे नाव विकले जाते. हवा थोडी कमी ठेवण्याचा मोह इथून सुरू होतो.

आणि संघटना? तिला प्रायोजकांच्या बाबतीत नियम काटेकोर कसे करायचे ते उत्तम ठाऊक आहे. मालिकेचे नाव नेक्स्टेलचे झाल्यावर प्रतिस्पर्धी दूरसंचार कंपन्यांना गाड्यांवर मज्जाव झाला. आधीपासून असलेल्यांना तेवढी सवलत मिळाली. त्यातल्या सिंग्युलरचे नाव बदलून एटीअँडटी झाले, तेव्हा गाडीवरचे बोधचिन्ह बदलू द्यायचे की नाही यावरून २००७ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. बोनेटवरच्या नावासाठी न्यायालयापर्यंत जाणारी संघटना टायरमधल्या हवेबाबत शिफारशीवर थांबते, हे खटकते.

संघांवर नियम कडक नाहीत का?

आहेत, आणि तेच गमतीचे आहे. टायर संघाच्या मालकीचे नसतात. ते गुडइयरकडून भाड्याने मिळतात आणि परत करावे लागतात. २०१५ मध्ये रायन न्यूमनच्या संघाने टायरमध्ये फेरफार केल्याचे आढळले. अशा फेरफारात टायरला बारीक छिद्रे पाडतात, म्हणजे तापल्यावर वाढणारी हवा हळूहळू निघून जाते. क्रू चीफ, म्हणजे संघाचा तांत्रिक प्रमुख, सहा शर्यतींसाठी निलंबित झाला, गुण कापले, मोठा दंड झाला. अपिलात गुण आणि दंड तेवढे कमी झाले. २०२२ मध्ये शर्यतीत चाक निखळले की क्रू चीफ आणि दोन सहकाऱ्यांना चार शर्यती घरी बसावे लागे. म्हणजे संघाच्या चुकीला ठरलेली शिक्षा आहे. टायर नीट न निघाल्यास, किंवा संघटनेने चुकीचा नियम केल्यास, उत्तर मागण्याची अशी ठरलेली जागा नाही.

बोलणाऱ्याला मात्र आहे. स्टुअर्टच्या आधी २०१३ मध्ये डेनी हॅमलिनने त्या वर्षीच्या नव्या गाडीवर सौम्य टीका केली आणि २५ हजार डॉलरचा दंड ओढवून घेतला. ज्याच्या हातात स्टिअरिंग आहे त्याला टायरचा त्रास सगळ्यांत आधी जाणवतो. त्याचे तोंड बंद केले तर संघटना आपलाच इशारा देणारा दिवा विझवते.

हॅमलिन आता मायकेल जॉर्डनसह एका संघाचा मालकही आहे. त्या संघाने आणि फ्रंट रोने २०२४ मध्ये नॅसकारविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरला. डिसेंबर २०२५ मध्ये सुनावणी सुरू असतानाच तडजोड झाली आणि संघांना ‘चार्टर’, म्हणजे शर्यतीतले हमीचे स्थान, कायमस्वरूपी मिळाले. संघमालकांनी एकजुटीने पैशाचा प्रश्न सोडवून घेतला. चालकांची परिषद आजही वाटाघाटीचा अधिकार असलेली संघटना नाही. किमान हवेची सक्ती, प्रत्येक टायर बिघाडाचा जाहीर अहवाल आणि सुरक्षेवर बोलणाऱ्याला दंडापासून संरक्षण, या तीन गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. त्या फ्रान्स कुटुंबाच्या हाती असलेल्या संघटनेने स्वतःहून द्यायच्या की पुन्हा कुणी गाड्या ट्रकवर चढवून निघून जाईपर्यंत थांबायचे, एवढेच ठरायचे आहे.